सोलापुरात राहून उपयोजित भूशास्त्र शिकावं का?

प्रश्न मोहोळ तालुक्यातल्या एका मुलीचा आहे. बारावी सायन्स झाली, गुण साठ-पासष्ट टक्के. घरी कोरडवाहू जमीन आणि शेतात कोरडे गेलेले तीन बोअर. तिला भूशास्त्रात पदवी घ्यायची आहे. वडील म्हणतात, "दगड शिकून कुणाचं पोट भरलंय?" मामा इंजिनिअरिंगची फी भरायला तयार आहेत. तिने विचारलं आहे की हा विषय नेमका काय असतो, सोलापुरात राहून शिकला तर चालेल का, नोकरी लागते का, आणि मुलीला फील्डचं काम झेपतं का.

मी सोलापूर, धाराशिव आणि सीमेपलीकडे विजयपूर-कलबुर्गी भागात भूजलाची आणि पायाखालच्या खडकाच्या तपासणीची कामं करते. विद्यार्थ्यांना घेऊन फिरते. तेवढ्या अनुभवावर हे लिहिते आहे.

आधी सरळ उत्तर देते: शीक. मात्र पदवीवर थांबायचं नाही हे आजच ठरव, पुढे एम.एस्सी. करावीच लागेल. आणि ही वर्षं नोट्स पाठ करण्यात घालवू नकोस. या विषयात जे कमावायचं असतं ते विहिरीच्या काठावर, खडीच्या खाणीत आणि ओढ्याच्या पात्रात मिळतं, आणि त्यासाठी सोलापूर जिल्हा फार चांगला आहे. "आपल्याकडे सगळीकडे एकच काळा दगड, इथे काय शिकणार?" असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं मत मला पटत नाही. का ते खाली सांगते.

भूशास्त्र म्हणजे भूगोल नव्हे, एवढं घरी पहिल्यांदा सांग. आपल्याकडे ही गल्लत सर्रास होते. पदवीला सुरुवात खनिजं आणि स्फटिकांपासून होते: कडकपणा, चमक, कस (घासल्यावर उमटणारा रंग), फुटण्याची तऱ्हा बघून खनिज हातात ओळखायचं. मग खडक, जीवाश्म, थरांचा क्रम, घड्या आणि भ्रंश (खडक तुटून सरकलेल्या जागा). शेवटच्या टप्प्यात उपयोजित भाग येतो, म्हणजे भूजल, खनिजांचे साठे, धरण-बोगदा-रस्त्याखालचा खडक, उपग्रहाच्या प्रतिमा आणि संगणकावरचे नकाशे. आपल्याकडच्या महाविद्यालयांत पदवीचं नाव बहुधा नुसतं 'भूशास्त्र' असतं. 'उपयोजित' हे विशेषण प्रामुख्याने एम.एस्सी.ला लागतं. आपल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या भूशास्त्र संकुलात ते शिक्षण मिळतं. बारावीनंतर थेट 'उपयोजित भूशास्त्र' हवं असेल तर आयआयटी खरगपूर आणि धनबादची आयआयटी (आयएसएम) इथे तसे अभ्यासक्रम आहेत, पण त्यांचा रस्ता जेईई अॅडव्हान्स्डमधून जातो. तुझ्या परिस्थितीत बी.एस्सी. भूशास्त्र हाच मार्ग मला योग्य वाटतो.

आता त्या काळ्या दगडाकडे येऊ.

तुझ्या गावात नवी विहीर खोदली जात असेल, यारी लागलेली असेल, तर मालकाला विचारून काठावर उभी राहा आणि वरपासून खालपर्यंत भिंत वाच. वर काळी माती. भीमा-सीनेच्या काठाला ती चांगली खोल असते, माळावर जेमतेम वीतभर. तिच्याखाली चुनखडीचे खडे मिसळलेली पिवळट माती, मग मुरूम. मुरमात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोल दगड दिसतील. मूळ खडक भेगांच्या बाजूने कुजत जातो, कोपरे आधी झिजतात आणि मधला गाभा गोल उरतो. त्याच्या खाली भेगाळलेला खडक, आणि मग सुरुंगाशिवाय हटत नाही असा घट्ट काळा पाषाण. पुष्कळ विहिरींत त्या पाषाणाच्या तळाशी एकदम विटकरी रंगाचा मऊ थर लागतो. त्याला आपल्याकडे कुणी गेरू म्हणतं, कुणी नुसती तांबडी माती. त्याखाली पुन्हा भोकाभोकांचा खडक, आणि भोकांत भरलेली पांढरी-हिरवट खनिजं.

ही भिंत म्हणजे लाव्ह्याच्या प्रवाहांचा क्रम. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच्याखाली झाकलेला आहे. प्रत्येक प्रवाहात वायूचे बुडबुडे वर चढले, म्हणून माथा सच्छिद्र झाला आणि मधला भाग घट्ट राहिला. दोन उद्रेकांच्या मध्ये जो निवांत काळ गेला त्यात आधीच्या प्रवाहाचा माथा हवेने-पाण्याने कुजला, आणि वरून नवा लाव्हा आला तेव्हा तो भाजला गेला. तोच हा तांबडा थर. भोकांमध्ये नंतर पाण्यातून झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ साठले. म्हणजे तांबडा थर दिसला की इथे एक प्रवाह संपला आणि दुसरा सुरू झाला हे कळतं. शेजारच्या विहिरीत तोच थर किती खोलीवर आहे हे मोजलं की दोन विहिरी एकमेकींशी जोडता येतात. पाच-सात विहिरी जोडल्या की गावाखालचा उभा छेद कागदावर उतरतो. हे काम पदवीच्या दुसऱ्या वर्षातली मुलगी करू शकते, आणि ते येणारी माणसं जिल्ह्यात फार थोडी आहेत.

याचा पाण्याशी थेट संबंध आहे. घट्ट पाषाणाला स्वतःची अशी पाणी धरायची जागा नसते. पाणी असतं ते मुरमात, भेगांमध्ये, सच्छिद्र माथ्यात आणि दोन प्रवाहांच्या सांध्याला. आपल्या जिल्ह्यात पाऊस वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. त्यातलं मुरणारं पाणी वरच्या या थोड्या जागेत साठतं. म्हणून पाचशे-सातशे फुटांचा बोअर मारून माणूस पाण्याच्या जवळ जातोच असं नाही, बऱ्याचदा तो पाण्याच्या थरातून खाली निघून जातो. खोलवर एखादी पाणीदार भेग लागलीच तर ती पुन्हा भरायला फार काळ लागतो. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहिरींना बंदी घातली आहे, त्यामागे हेच कारण आहे. तुमच्या शेतातले तीन बोअर कोरडे का गेले याचं उत्तर मी इथे बसून देणार नाही, ते जागेवर जाऊनच कळेल. पण चौथा बोअर मारण्याआधी आजूबाजूच्या विहिरींचे छेद काढायला हवेत, एवढं वडिलांना नक्की सांग.

प्रवेश घेतलास तर पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत एक काम कर. गावातल्या जमतील तेवढ्या विहिरींची पाण्याची पातळी मोज. मोजपट्टीला वजन बांधून सोड. कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर घे आणि त्यातून कठड्याची उंची वजा कर, नाहीतर सगळे आकडे निरुपयोगी होतात. मोटार चालू असेल तर थांब, पाणी वर येऊन स्थिरावू दे. विहिरीची जागा मोबाइलवर नोंदव, पण जमिनीची उंची मोबाइलवरून घेऊ नकोस, तिच्यात काही मीटरचा फरक सहज पडतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावरच्या समोच्च रेषांवरून (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवरून) ती ढोबळच कळते, म्हणून जवळची उंची-खूण शोध आणि तिच्यापासून मोज. उंचीतून पाण्याची खोली वजा केली की पाण्याच्या पृष्ठभागाची उंची मिळते. सारख्या उंचीचे बिंदू रेषेने जोड. गावाखालचं पाणी कुठून कुठे सरकतं हे त्या नकाशात दिसेल. हेच पुन्हा मे महिन्यात मोज. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींवर वर्षातून चार वेळा हेच करते, आणि त्या मोजमापांवर तालुक्याच्या टंचाईचा अंदाज निघतो. आपल्या जिल्ह्यात केंद्राची अटल भूजल योजनाही राबवली गेली. तिच्यातला गावाचा पाण्याचा ताळेबंद अशाच नोंदींवर उभा राहिला.

इथे पाणाड्याचा विषय निघणारच. हातावर नारळ उभा राहतो, कडुनिंबाची दुबेळकी काठी वळते, आणि लोक तिथे बोअर मारतात. विद्यार्थ्यांना मी सांगते की गावात जाऊन त्यांच्याशी वाद घालू नका, नोंद ठेवा. त्यांनी दाखवलेल्या सगळ्या जागा लिहा, पाणी लागलेल्या आणि कोरड्या गेलेल्याही. ओढ्याकाठच्या सखल मुरमाड जमिनीत कुठेही खणलं तरी थोडंफार पाणी लागतंच, म्हणून यश डोळ्यांत भरतं, आणि माळावरचे कोरडे बोअर कुणाच्या लक्षात राहत नाहीत. शेतकऱ्याचे लाख-दीड लाख रुपये मातीत जातात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या हातात निदान मोजता येईल अशी पद्धत आहे. जमिनीत वीजप्रवाह सोडून खडकाचा विद्युतरोध मोजतात. आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्ह्याच्या याच काळ्या दगडात, ढोबळमानाने काळ्या चिकणमातीचा रोध दहा ओहम-मीटरच्या आत-बाहेर, पाणी धरलेल्या कुजलेल्या खडकाचा वीस ते चाळीस, आणि सत्तरच्या बराच पुढे गेला की घट्ट पाषाण. पण हे आकडेही एकट्याने बोलत नाहीत. ओली चिकणमाती आणि क्षारयुक्त पाणीही रोध कमी दाखवतं. शेजारच्या विहिरीचा छेद हाताशी असेल तरच यंत्राच्या आकड्याला अर्थ येतो. यंत्र घेऊन फिरणारे आणि विहिरीत न डोकावणारे सर्वेक्षक मी पाहते, आणि त्यांच्या अहवालावर माझा विश्वास बसत नाही.

अभियांत्रिकी भूशास्त्राचं बोलायचं तर भीमेवरचं ११७ टीएमसीचं उजनी धरण, भीमा-सीना जोडबोगदा, रेल्वे आणि महामार्गाचे पूल, या प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी खडक वाचलेला असतो. ड्रिलिंग करून खडकाचा गोल गाभा बाहेर काढतात आणि खोक्यात क्रमाने मांडतात. तिथे एक साधं मोजमाप असतं: दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज भागिले एकूण ड्रिल केलेली लांबी. दीड मीटर ड्रिल केलं आणि लांब तुकडे १.०५ मीटर भरले तर ७० टक्के. खडकाची गुणवत्ता सांगण्याची ही सुरुवात झाली. पण ड्रिलच्या धक्क्याने नुकतं तुटलेलं टोक आणि खडकातली मूळची भेग यांतला फरक डोळ्यांना कळला पाहिजे, तो सूत्रात नसतो. विहिरीतला तोच तांबडा थर इथे पुन्हा भेटतो. बोगद्यात तो उघडा पडला की हवा-पाण्याने लवकर सुटायला लागतो, म्हणून त्याची जागा आणि जाडी आधी कळणं फार महत्त्वाचं. आणि सोलापूर शहरात नव्या घरांच्या भिंतींना उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात त्यांचं एक मोठं कारण पायाखालची काळी माती आहे. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणखनिज पावसाळ्यात पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं.

भूकंपाचंही सांगायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा हा भाग स्थिर आणि निर्धोक मानला जात होता. जवळपास दहा हजार माणसं गेली. सोलापुरातल्या त्या पिढीला ती पहाट आजही आठवते. नंतर किल्लारीत खोल ड्रिलिंग केलं, तेव्हा बेसॉल्टची जाडी ३३८ मीटर निघाली आणि त्याखाली फार जुना ग्रॅनाइटी खडक. भूकंप जिथे घडतात तो हा खालचा खडक आपल्या जिल्ह्यात बघायला मिळत नाही, कारण लाव्ह्याने तो झाकून टाकला आहे.

तो बघायला मिळतो रेल्वेने गेल्यावर. माझ्या मते सोलापुरात भूशास्त्र शिकण्याचा सगळ्यात मोठा फायदा सोलापूर स्टेशन आहे, आणि तो बहुतेक विद्यार्थ्यांच्या लक्षातच येत नाही. सकाळच्या गाडीने रायचूरकडे निघ आणि खिडकीशी बस. अक्कलकोट रोड, दुधनी, गाणगापूर रोड, कलबुर्गीपर्यंत आपलीच काळी जमीन, आपलाच बेसॉल्ट. शहाबाद-वाडीच्या पट्ट्यात खडक बदलतो. रुळांच्या बाजूला पातळ-पातळ थरांचा करडा चुनखडक दिसायला लागतो. तुमच्या घरात, अंगणात, मोरीत जी शहाबादी फरशी आहे ती इथली. हा भीमा खोऱ्याचा गाळाचा खडक, उथळ समुद्रात साठलेला, आपल्या लाव्ह्यापेक्षा कितीतरी कोटी वर्षांनी जुना. फरशी इतकी सपाट निघते त्याचं कारण ते थर जवळपास आडवेच राहिले आहेत. आणखी पुढे यादगीर, कृष्णेचा पूल, रायचूर. इथे गोल शिळांचे ढीग आणि टेकड्या दिसतात, हा अडीच अब्ज वर्षांच्या घरातला ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म (पट्ट्यापट्ट्यांचा रूपांतरित खडक). म्हणजे काही तासांत तू लाव्ह्यावरून समुद्राच्या गाळावर आणि तिथून द्वीपकल्पाच्या मूळ पायावर उतरतेस, वयाच्या उलट्या क्रमाने. किल्लारीच्या ड्रिलमध्ये ३३८ मीटरखाली जो ग्रॅनाइटी खडक लागला, तशा जातीचा खडक इथे उघडा पडलेला आहे. रायचूर जिल्ह्यातच हट्टीची सोन्याची खाण आजही चालू आहे.

दुसरा रस्ता गदगकडचा. विजयपूरपर्यंत बेसॉल्ट, गोल घुमट त्याच खडकाचा बांधलेला आहे. कृष्णा ओलांडली की बागलकोटला कलादगी खोऱ्याचे खडक सुरू होतात, आणि बदामीला तांबडा वालुकाश्म. लेण्यांच्या भिंतींत तिरके थर स्पष्ट दिसतात. पाण्याच्या प्रवाहाने वाळू कशी ढकलत नेली, कोणत्या दिशेला नेली, हे त्या तिरकेपणावरून मोजता येतं. पर्यटक मूर्तींचे फोटो काढून परततात. तू भिंतीसुद्धा वाचून ये.

पुण्या-मुंबईच्या मुलांनाही सहली असतात, पण त्यांना या सीमेपर्यंत यायलाच एक दिवस जातो. आपल्याला तिकीट काढून संध्याकाळी घरी परतता येतं. म्हणून म्हणते, सोलापूर कमी नाही. एक खडक पूर्ण समजून घ्यायला घरचं शेत आहे, आणि तो जिथे संपतो ती कडा रेल्वेच्या अंतरावर आहे. मात्र तीन वर्षांत एकदाही बेसॉल्टच्या बाहेर पाऊल टाकलं नाही, तर गुणपत्रिका कितीही चांगली असो, शिक्षण अर्धवट राहिलं असं मी समजेन.

महाविद्यालय निवडताना आधी जाहिरात बाजूला ठेव आणि सोलापुरात कुठे यंदा भूशास्त्र मुख्य विषय म्हणून चालू आहे ते विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांच्या यादीत बघ. मग प्रत्यक्ष विभागात जा. ध्रुवित प्रकाशाचे सूक्ष्मदर्शक किती आणि चालू किती, हे विचार. खडकाचा काप ०.०३ मिलिमीटरपर्यंत पातळ घासला की आपला काळा दगड पारदर्शक होतो. त्यातल्या फेल्डस्पार या खनिजाच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि ऑजाइट या खनिजाचे झगमगीत रंग दिसतात, आणि हातात सारखे वाटणारे दोन बेसॉल्ट तिथे वेगळे ओळखू येतात. हे स्वतः तासन्‌तास बघायला मिळणार नसेल, भिंतीवरच्या तक्त्यावरच भागवणार असतील, तर ती जागा सोड. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांचे सहलीचे अहवाल दाखवायला सांग. त्यांत हाताने काढलेले नकाशे आणि छेद असतील तर तिथे शिकवणारं माणूस आहे असं समज. नुसते गटाचे फोटो चिकटवलेले असतील तर जपून. पुण्याला फर्ग्युसनसारखा जुना विभाग आहे, मुंबईत सेंट झेवियर्स आहे. घरची तयारी असेल तर तेही बघ, पण खर्चाच्या ओढाताणीत जाण्यापेक्षा सोलापुरात राहून सुट्ट्या फील्डवर घालवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

जोडीला विषय कोणता घेतेस याकडे नीट लक्ष दे. सोपा म्हणून भलताच विषय घेणारी मुलं पुढे अडकतात. आयआयटींच्या एम.एस्सी.साठी 'जॅम' परीक्षा असते, आणि काही ठिकाणी प्रवेशाला पदवीत भूशास्त्राबरोबर गणित, भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांतले विषय झालेले असावे लागतात. भूजल-भूभौतिकीकडे ओढा असेल तर गणित आणि भौतिकशास्त्र सोडू नकोस. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांवर पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. चौथं केलंस तर एम.एस्सी. एका वर्षाची होते. एकूण काळ सारखाच असल्यामुळे जिथे प्रयोगशाळा आणि प्रकल्प चांगला मिळेल ते घे.

नोकरीबद्दल गोड बोलणार नाही. नुसत्या बी.एस्सी.वर मिळतात ती कामं मर्यादित आहेत: ड्रिलिंगच्या ठेकेदाराकडे गाभ्याची नोंद, माती-खडकाच्या प्रयोगशाळेत मदतनीस, पुण्यातल्या कंपन्यांत संगणकावर नकाशे काढणं. पगार बेताचा आणि वाढीला लवकर कुंपण लागतं. खरी दारं एम.एस्सी.नंतर उघडतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाची संयुक्त भू-वैज्ञानिक परीक्षा हे त्यातलं सगळ्यात मोठं. तिच्यातून १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात भूवैज्ञानिक आणि केंद्रीय भूजल मंडळात जलभूशास्त्राचे शास्त्रज्ञ निवडतात. वयाची अट २१ ते ३२, राखीव प्रवर्गांना सवलत. पूर्व, मुख्य आणि मुलाखत असे टप्पे. राज्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणेत आणि नागपूरला मुख्यालय असलेल्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयात जागा निघतात, पण दरवर्षी निघतीलच असं नाही, त्यामुळे एकाच जाहिरातीची वाट बघत वर्षं घालवू नयेत. ओएनजीसीसारख्या सार्वजनिक कंपन्याही भूवैज्ञानिक घेतात, कधी 'गेट' परीक्षेच्या गुणांवर, कधी स्वतःच्या परीक्षेतून. अध्यापन-संशोधनाला 'नेट' ही पात्रता परीक्षा आहे.

खासगीत आपल्या दाराशी असलेलं एक क्षेत्र मुलं विसरतात. कलबुर्गीच्या बाजूला वाडी, मळखेड, सेडमचे सिमेंट कारखाने चुनखडकावर चालतात. खाणीत चुन्याचं प्रमाण एका बाकापासून (खाणीतल्या पायरीपासून) दुसऱ्या बाकाला बदलतं, आणि कुठला दगड कुठल्यात मिसळायचा हे रोज ठरवणारा भूवैज्ञानिक तिथे लागतोच. बोगदे, मेट्रो, महामार्गांच्या सल्लागार कंपन्यांतही काम आहे. आणि गावपातळीवरचं पाण्याचं काम आहे. पुण्याची अॅक्वाडॅम ही संस्था भूजलाचं प्रशिक्षण देते, तिथलं शिक्षण मला फार मोलाचं वाटतं. ज्याच्या वहीत नीट काढलेले छेद आहेत त्या उमेदवाराशी मुलाखतीत बोलणं वेगळंच होतं. मी स्वतः माणसं निवडायला बसते तेव्हा टक्क्यांच्या आधी फील्डची वही मागते.

मामांच्या इंजिनिअरिंगबद्दल एवढंच: तुला सिव्हिलची आवड असेल तर जरूर जा, तोही चांगला रस्ता आहे. पण "भूशास्त्राला भविष्य नाही" या भीतीपोटी नावडत्या शाखेत मोठी फी भरून बसणं मला पटत नाही. साठ-पासष्ट टक्क्यांनी काही अडत नाही, इथे चिकाटी आणि नजर लागते.

आता मुलीला झेपतं का. झेपतं, मी करते आहे, आणि माझ्याबरोबर शिकलेल्या मुली आज खाणीत आणि बोगद्यांत आहेत. पूर्वी १९५२ च्या खाण कायद्यातल्या कलम ४६ मुळे बायकांना जमिनीखालच्या खाणीत कामाला बंदी होती. २०१९ साली केंद्र सरकारने तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत ती उठवली. कायद्याची अडचण आता राहिलेली नाही. अडचणी असतात त्या रोजच्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे ऊन चाळिशीच्या पुढे जातं, तेव्हा पहाटे साडेपाचला निघायचं आणि अकराच्या आत सावलीला यायचं. घोट्यापर्यंतचे बूट, पूर्ण बाह्या, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, दोन बाटल्या पाणी. दगड फोडताना डोळ्यांना चष्मा हवाच, बेसॉल्टची कपची सुरीसारखी उडते. जुन्या विहिरीत एकटीने कधीही उतरायचं नाही, खाली हवा कोंडलेली असू शकते. काठावरूनच बघायचं. लघवीची सोय नसते म्हणून पाणी कमी पिणाऱ्या मुली मी बघते, त्याने मूत्रमार्गाचे आजार होतात. त्यापेक्षा ज्या वस्तीवर काम आहे तिथल्या बायकांशी आधी ओळख कर. घर उघडतात, भाकरीही वाढतात, आणि कुठली विहीर कोणत्या महिन्यात आटते हे पुरुषांपेक्षा त्यांना जास्त नेमकं ठाऊक असतं. नेहमी दोघींनी जायचं, कुठे जातोय ते विभागात लिहून ठेवायचं आणि परतल्यावर फोन करायचा.

सुरुवातीला साहित्य फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, हातोडा, पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली (चुनखडीवर थेंब टाकला की फसफसतो), मोजपट्टी, वही आणि पेन्सिल. ब्रंटन होकायंत्र महाग असतं, ते विभागाचं वापर. हातोडा साधा गवंड्याचा घेऊ नकोस, त्याचं तोंड तुटतं.

वडिलांशी बोलताना नोकऱ्यांची यादी वाचून दाखवण्यापेक्षा एक कर. या आठवड्यात तुमच्या शेतातल्या आणि शेजारच्या दोन-तीन विहिरींच्या भिंती बघ, थर आणि खोल्या लिहून काढ, तीनही बोअरच्या खोल्या आणि कुठे कोणत्या रंगाची भुकटी वर आली ते वडिलांना विचारून त्याच कागदावर मांड. बोअर मारताना ते तिथेच उभे असणार, त्यांना सगळं आठवत असेल. तो कागद घेऊन दोघं मिळून महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात जा आणि तिथल्या शिक्षकांसमोर ठेवा. ते त्या कागदावर अर्धा तास बोलले तर प्रवेशाचा अर्ज त्याच दिवशी भर.